गरोदरपणातील रात्र आणि उतरलेली साखर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपल्याकडे पाककृती, भरतकाम, बालसंगोपन अशा विषयांवर भाषणे होतात. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमच्या घरी धाकट्या जाऊबाईंचे बाळंतपण झाले, त्यात तुम्ही जे शिकलात ते चार बायकांना सांगा." मी डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. सातवीपर्यंत शिकले आणि पुढे संसाराला लागले. तेव्हा दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी समजावून दिलेले आणि नऊ महिने रात्री उठून आम्ही जे पाहिले, तेवढेच मी सांगणार आहे. इन्सुलिन किती घ्यायचे हे प्रत्येकीने आपल्या डॉक्टरांनाच विचारायचे. ते माझ्या भाषणावरून ठरवायचे नाही, हे आधीच सांगून ठेवते.

विषय असा, की जिला लहानपणापासून मधुमेह आहे अशा मुलीला दिवस गेले म्हणजे रात्री झोपेत तिच्या रक्तातली साखर एकाएकी उतरते. त्या वेळी घरातल्यांनी आणि शेजाऱ्यांनी काय करावे?

कुणी म्हणेल, हा विषय आम्हांला कशाला? आमच्या घरी तर असे कुणी नाही. पण भगिनींनो, अशी मुलगी उद्या कुणाच्याही घरी सून म्हणून येईल, कुणाचीही लेक निघेल. आणि रात्री अडीच वाजता तिची साखर उतरली, तर तिच्यापाशी पहिल्यांदा धावत येणारी बाई ही शेजारीणच असणार. त्या बाईला काय करायचे ते ठाऊक असले, तर काम पंधरा मिनिटांत होते. ठाऊक नसले, तर त्याच पंधरा मिनिटांत जिवावर बेतते.

आधी हा मधुमेह कोणता ते सांगते. आपल्या घरी सासरे, मामंजी, आत्याबाई यांना पन्नाशीनंतर जो मधुमेह होतो, तो हा नव्हे. त्याला दुसऱ्या प्रकारचा म्हणतात. पहिल्या प्रकारचा मधुमेह बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी होतो. आपल्या पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव आहे, तो इन्सुलिन नावाचा रस तयार करतो. या आजारात शरीर स्वतःच त्या रसाच्या पेशी नष्ट करून टाकते. मग रस बनणे बंद होते आणि तो जन्मभर बाहेरून सुईने घ्यावा लागतो. मुलीने लहानपणी गोड फार खाल्ले, आईने लाड केले, म्हणून हा आजार होत नाही. आईबापांना असा दोष देणे हा निव्वळ अन्याय आहे.

शंभर वर्षांपूर्वी या मुली जगतच नसत. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरी डॉक्टर बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले आणि तो वाचला. त्यानंतर या मुली मोठ्या होऊ लागल्या, त्यांची लग्ने होऊ लागली, त्यांना दिवस जाऊ लागले. अमेरिकेत बोस्टन येथे प्रिसिला व्हाइट नावाच्या डॉक्टरीणबाईंनी अशा गरोदर बायकांची देखभाल करण्यात सारे आयुष्य घालवले. आपल्या मुंबईतही १९५५ साली डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली. परळला तर केईएम आणि वाडिया प्रसूतिगृह ही दोन्ही रुग्णालये १९२६ सालापासून जवळजवळ उभी आहेत. सांगायचा मुद्दा हा, की अशा मुलीने आई होऊच नये असे म्हणण्याचे दिवस आता गेले. मात्र तिने ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, शक्य तर दिवस जाण्याआधीपासून साखर ताब्यात आणून करावे. कारण बाळाचे हृदय आणि पाठीचा कणा पहिल्या दोन महिन्यांतच घडतो. पुष्कळदा तोवर आपल्याला दिवस गेल्याचे नीट कळलेलेही नसते.

आमच्या धाकट्या जाऊबाई आमच्या घरी आल्या, त्या वेळी त्यांच्या वडिलांनी लग्न ठरण्यापूर्वीच सारे मोकळेपणाने सांगितले होते. मुलगी अकरा वर्षांची असल्यापासून इन्सुलिन घेते, हे आमच्या सासूबाईंनी बैठकीतच ऐकले. त्या म्हणाल्या, "लपवले नाहीत, हेच मोठे." पुढे दिवस गेले तेव्हा नात्यातल्या एका बाईंनी घरी येऊन ऐकवले, की असल्या मुलीला मूल कशाला हवे, पोर अधू निघेल. जाऊबाई पडद्याआड उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकले. त्या दिवसापासून त्यांच्या मनाने घेतले, की आपली साखर जराही वाढता कामा नये.

इथेच खरी अडचण सुरू होते, ती नीट समजून घ्या.

आईची साखर वाढली तर ती बाळाकडे जाते. बाळ प्रमाणाबाहेर मोठे होते, बाळंतपण अवघड होते, क्वचित पोटातच दगावते. म्हणून गरोदरपणात डॉक्टर साखर अगदी आखीव ठेवायला सांगतात. साधारणपणे उपाशीपोटी ७० ते ९५, जेवणानंतर एका तासाने १४० च्या आत आणि दोन तासांनी १२० च्या आत. ज्यांची साखर वारंवार उतरते त्यांना डॉक्टर थोडी सूटही देतात. आता इतकी साखर खाली ठेवायची म्हणजे इन्सुलिन नेमके बसले पाहिजे. ते जरा जास्त झाले, की साखर ७० च्या खाली घसरते. ७० च्या खाली गेली की उपाय करायचाच, आणि ५४ च्या खाली गेली की ती गंभीर समजायची. विहिरीच्या काठावरून घागर घेऊन चालण्यासारखे हे आहे. एका बाजूला बाळाला धोका, दुसऱ्या बाजूला आईला.

मग रात्रीच का उतरते? याला तीन कारणे डॉक्टरीणबाईंनी सांगितली.

पहिले कारण असे, की बाळाला रात्र नसते. आई झोपली तरी ते वारेतून साखर ओढतच असते. आई रात्री नऊला जेवली आणि सकाळी सातला चहा घेतला, तर मधले दहा तास ती उपाशी, पण बाळाचे जेवण चालूच. 

दुसरे कारण, पहिल्या तीन-चार महिन्यांत शरीराला इन्सुलिन कमी पुरते. कालपर्यंत जो डोस बरोबर होता, तोच आज जास्त होतो. त्यात ओकाऱ्या. सुई टोचून घेतली, दोन घास खाल्ले आणि उलटून पडले, म्हणजे इन्सुलिन अंगात आणि अन्न बाहेर. म्हणून साखर उतरण्याचा सर्वांत जास्त धोका दुसऱ्या महिन्याच्या शेवटापासून चौथ्या महिन्यापर्यंत असतो. 

तिसरे कारण, काही जणी रात्री जे दुधासारखे पांढरट इन्सुलिन घेतात, त्याचा जोर टोचल्यानंतर चार ते दहा तासांत असतो. रात्री आठला घेतले, तर तो जोर बारापासून पुढे, ऐन झोपेत येतो. अशा वेळी डॉक्टर वेळ बदलून देतात किंवा औषध बदलून देतात. हे इन्सुलिन टोचण्यापूर्वी तळहातांमध्ये हलके फिरवून सारखे करून घ्यायचे असते. तसे केले नाही तर कधी जोर कमी, कधी जास्त असे होते.

एरवी साखर उतरली की माणसाला हात थरथरणे, घाम, छातीत धडधड, भूक अशी सूचना मिळते. पण बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांना आणि विशेषतः गरोदरपणात ही सूचना पुष्कळदा मिळतच नाही. झोपेत तर नाहीच नाही. म्हणून पाहणाऱ्याने खुणा ओळखायच्या. उशी घामाने भिजलेली, अंग गार, झोपेत बरळणे, वाईट स्वप्ने पडून ओरडणे, हाका मारल्यावर भलतेच उत्तर देणे, विनाकारण चिडणे. सकाळी उठल्यावर डोके दुखणे आणि झोप झालीच नाही असे वाटणे, हीसुद्धा रात्री साखर उतरून गेल्याची खूण असू शकते.

जाऊबाईंना तिसरा महिना होता तेव्हाची गोष्ट. भाऊजी रात्रपाळीला गेलेले, म्हणून मी त्यांच्याजवळ आतल्या खोलीत निजत असे. पावणेतीनच्या सुमारास त्या काहीतरी पुटपुटत आहेत असे वाटून मी दिवा लावला. केस घामाने चिकटलेले, हात बर्फासारखा. बोटातून थेंब काढून यंत्रावर पाहिले तर आकडा ४१. ग्लुकोजचे पाणी पुढे केले तर त्यांनी हाताने पेला ढकलला आणि म्हणाल्या, "मला काही नको, मला झोपू द्या." भगिनींनो, हा हट्ट नसतो. मेंदूला साखर कमी पडली, की माणसाचे भान जाते, त्या वेळचे बोलणे मनावर घ्यायचे नाही.

आवाजाने शेजारच्या दोघीतिघी गॅलरीतून आल्या. एकजण म्हणाली, "अहो, मधुमेह आहे ना तिला? मग साखर काय पाजता? जीव घ्याल पोरीचा." दुसरी म्हणाली, "गरोदर बाई आहे, अमावास्या जवळ आली, बाहेरचे काही असेल. मीठमोहऱ्या उतरून टाका." दोघी मायेनेच बोलत होत्या, त्यात शंका नाही. पण आमच्या सासूबाई उठून आल्या आणि म्हणाल्या, "मोहऱ्या मागाहून उतरवू, आधी साखर चढवू." त्यांनी जाऊबाईंना मागून आधार देऊन बसवले, आणि मी घोट घोट पाणी पाजले. त्या गिळत होत्या, म्हणूनच पाजले. पंधरा मिनिटांनी आकडा ५८ आला. पुन्हा तेवढेच ग्लुकोज दिले. आणखी पंधरा मिनिटांनी ८४. तेव्हा त्यांनी डोळे नीट उघडले आणि विचारले, "वहिनी, तुम्ही सगळ्या इथे का जमलात?" मग अर्धी पोळी आणि कपभर दूध देऊन निजवले. सकाळी डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी रात्रीचा डोस कमी करून दिला.

आता त्या पंधरा मिनिटांचा हिशेब सविस्तर सांगते. हा भाग घरी गेल्यावरही लक्षात ठेवा.

आकडा ७० च्या खाली असेल आणि बाई शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर चहाचे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड थोड्या पाण्यात विरघळवून द्यायची. ती साधारण पंधरा ग्रॅम होते. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा आकडा पाहायचा. चढला नसेल तर पुन्हा तेवढेच. घाबरून एकदम वाडगाभर साखर द्यायची नाही, नाहीतर पुढे आकडा तीनशेवर जातो आणि दुसरेच संकट उभे राहते. साखर ७० च्या वर आल्यावर, पुढचे खाणे लांब असेल, तर पोळी, दूध किंवा दोन साधी बिस्किटे असे टिकणारे काही द्यायचे. यंत्र हाताशी नसेल आणि खुणा दिसत असतील, तर आकड्यासाठी खोळंबायचे नाही, साखर द्यायची. 

पेढा, बर्फी, लाडू, चॉकलेट हे या वेळी उपयोगाचे नाहीत. त्यांतल्या तुपामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर लागतो. बिनसाखरेचे म्हणून जे थंड पेय मिळते, ते तर मुळीच चालत नाही.

बाई बेशुद्ध असेल, आकडी येत असेल किंवा गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालायचे नाही. पाणी नाही, साखर नाही, मध नाही. ते श्वासनलिकेत जाऊन गुदमरायला होते. तिला डाव्या कुशीवर वळवायचे आणि १०८ ला फोन करायचा. डॉक्टरांनी ग्लुकागॉन नावाचे इंजेक्शन लिहून दिले असेल आणि घरच्यांना शिकवले असेल, तर ते लगेच टोचायचे. इन्सुलिन मात्र त्या वेळी चुकूनही टोचायचे नाही. मधुमेही बेशुद्ध झाली म्हणजे इन्सुलिन हवे असेल, अशी पुष्कळांची समजूत आहे. साखर उतरलेली असताना ते दिले तर प्राणावरच बेतते.

त्या रात्रीनंतर घरात एक निराळीच गोष्ट घडली, ती सांगितली नाही तर माझे भाषण अपुरे राहील. जाऊबाई मनातून फार भ्याल्या. आपण झोपलो तर उठणारच नाही, असे त्यांना वाटू लागले. मग त्या निजण्यापूर्वी कुणाला न सांगता चार-पाच बिस्किटे जास्त खाऊ लागल्या. सकाळचा आकडा १६०, १८० येऊ लागला. दिवसा बाळासाठी पथ्य पाळायचे आणि रात्री जिवाच्या भीतीने साखर वर ठेवायची, अशी त्यांची ओढाताण चालली होती. वहीतले आकडे पाहून डॉक्टरीणबाईंनी ओळखले. पण त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ही भीती खोटी नाही. पण हिला बिस्किटांपेक्षा पहारा हवा आहे. घरातल्या कुणीतरी रात्री उठून आकडा पाहिला, तर ही निर्धास्त झोपेल." आणि असेही म्हणाल्या, की थोडा वेळ साखर उतरली आणि लगेच सावरली, तर पोटातल्या बाळाला त्यापासून सहसा इजा होत नाही. धोका असतो तो आईला. हे ऐकून जाऊबाई दवाखान्यातच रडल्या. इतके दिवस त्यांना वाटत होते, की त्या ४१ च्या रात्री आपण बाळाचे काहीतरी बिघडवून ठेवले.

घरी आल्यावर सासूबाईंनी पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या. तीन रात्री माझ्या, दोन भाऊजींच्या सुट्टीच्या आणि दिवसपाळीच्या धोरणाने, एक माझ्या थोरल्या मुलीची, एक आमच्या ह्यांची. होय, पुरुषांचीसुद्धा. बाळंतपण हे बायकांचे काम म्हणून पुरुषांनी कूस बदलून झोपावे, असे यात चालत नाही. तीन वाजता गजर होई. बोट टोचून आकडा पाहायचा, वहीत लिहायचा, ठीक असेल तर दिवा मालवायचा. सारे मिळून चार मिनिटांचे काम. पण घरातली माणसे तिच्यासाठी उठतात, हे पाहून ती मुलगी मनाने उभी राहिली. बिस्किटे आपोआप सुटली.

तिच्या उशाशी आम्ही एक ताट मांडून ठेवत असू. त्यात साखरेचे यंत्र आणि पट्ट्या, ग्लुकोजचा डबा, चमचा, पाण्याचा तांब्या आणि पेला, बॅटरी, वही-पेन्सिल आणि डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद. वस्तू साध्याच, पण अंधारात ग्लुकोजचा डबा शोधायला फडताळ उघडत बसावे लागले, तर ती पाच मिनिटे फार मोठी वाटतात.

निजण्यापूर्वी आकडा पाहायचा, तो किती असला म्हणजे झोपायचे हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचे. त्याहून कमी असेल तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे थोडे खाऊन निजायचे. दिवसा जास्त चालणे झाले असेल, गणपतीच्या गर्दीत तासन् तास उभे राहणे झाले असेल, तर त्या रात्री साखर उतरण्याची शक्यता अधिक, म्हणून त्या रात्री आकडा हमखास पाहायचा. पहाटे नळाला पाणी आले म्हणून अशा बाईने उपाशीपोटी हंडे उचलायला जायचे नाही. आधी बोट टोचायचे, मग खायचे, आणि हंडे दुसऱ्या कुणी भरायचे.

सकाळचा आकडा जास्त आला, की रात्रीचे इन्सुलिन वाढवावे असे कुणालाही वाटेल. पण थांबा. पहाटे शरीरातच काही रस वाढतात, त्याने साखर चढते. किंवा रात्रीचे इन्सुलिन अपुरे पडलेले असते. आणि एखादीच्या बाबतीत रात्री साखर उतरल्यावर घाबरून खाल्लेले अन्न सकाळी दिसते. म्हणून दोन-तीन रात्री तीन वाजताचा आकडा पाहून, तो वहीत लिहून डॉक्टरांना दाखवायचा. त्याशिवाय डोस हलवायचा नाही.

हल्ली दंडाला चिकटवायचे एक सेन्सर यंत्र निघाले आहे. ते दिवसरात्र साखर पाहते आणि उतरू लागली की मोबाइलवर घंटा वाजवते. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या गरोदर बायकांवर अनेक देशांत मिळून याचा अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी हे यंत्र वापरले त्यांची बाळे प्रमाणाबाहेर मोठी होण्याचे प्रमाण कमी होते, आणि बाळांना अतिदक्षता विभागात कमी राहावे लागले. यंत्र महाग आहे, दर काही दिवसांनी बदलावे लागते. ज्यांना परवडेल त्यांनी डॉक्टरांना विचारून जरूर लावावे. आम्ही अवघड महिन्यांपुरते लावले, बाकीचे दिवस बोट आणि गजर यांवर काढले.

उपवासाविषयीही बोलले पाहिजे. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबणे, हरताळकेचा कडक उपवास, हे अशा गरोदर मुलीने करू नये. इन्सुलिन अंगात आणि पोट रिकामे, म्हणजे संकटाला आमंत्रण. उपवास करायचा म्हणून इन्सुलिनच बंद ठेवणे हे तर त्याहून भयंकर, कारण या आजारात इन्सुलिन पूर्ण बंद झाले की रक्तात आम्ल साचते आणि आई व बाळ दोघेही धोक्यात येतात. आमच्या सासूबाईंनी हरताळकेला तिला सकाळीच बसवून जेवू घातले आणि म्हणाल्या, "तुझा उपवास मी धरते, देवीला हिशेब कळतो." आणि घरातल्या सर्वांची पाने वाढून झाल्यावर सुनेने शेवटी जेवायचे, ही चालही आमच्याकडे त्या नऊ महिन्यांत मोडली. सुई टोचली की ठरल्या वेळी तिचे पान आधी. ती मोडलेली चाल आम्ही पुन्हा जोडली नाही, हेही सांगते.

चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर सारे उलटे होते. वारेतून येणारे रस इन्सुलिनला विरोध करू लागतात आणि डोस वाढत जातो. दुप्पट, कधी त्याहूनही अधिक होतो. जाऊबाईंना आधी दिवसाला ३४ युनिट लागत, तिसऱ्या महिन्यात २६ वर आले आणि आठव्या महिन्यात ७० पर्यंत गेले. हे आकडे त्यांचे, दुसरीचे निराळे असतील. डोस वाढला म्हणजे आजार बळावला असे समजून घाबरू नये. मात्र शेवटच्या दिवसांत एकाएकी इन्सुलिन फार कमी लागू लागले, साखर वारंवार उतरू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. वारेचे काम मंदावल्याची ती सूचना असू शकते. बाळाची हालचाल कमी वाटली तरी तसेच.

वार पडली, की विरोध करणारे रस संपतात आणि इन्सुलिनची गरज त्याच दिवशी झपाट्याने कमी होते. म्हणून बाळंतपणानंतरच्या पहिल्या रात्रीसुद्धा पहारा हवा. आपल्याकडे बाळ झाले, पेढे वाटले, की सगळे सैल होतात. पण ती आईच्या बाबतीत फार जपण्याची वेळ आहे. पुढे अंगावर पाजताना आईची साखर दुधावाटे खर्च होते, तेव्हा रात्री पाजायला उठली की तिने आधी किंवा पाजता पाजता थोडे खावे. आमच्याकडे पाळण्याशेजारी बाळाच्या दुपट्यांबरोबर ग्लुकोजचा डबाही असे. बाळाचीही साखर पहिल्या दिवशी उतरू शकते, म्हणून रुग्णालयात त्याच्या टाचेतून थेंब काढून पाहतात आणि लवकर अंगावर घ्यायला सांगतात. ते पाहून घाबरून जाऊ नये.

जाऊबाईंना मुलगी झाली. आता ती सव्वा वर्षाची आहे. मघाशी पहिल्या रांगेत जी खुर्चीवरून सारखी खाली उतरत होती, ती तीच. अधू निघेल म्हणणाऱ्या बाई बारशाला आल्या होत्या, त्यांनी तिला मांडीवर घेतले. आम्हीही मागचे काही काढले नाही.

शेवटी मंडळापुढे तीन गोष्टी ठेवते. पहिली, आपल्या मंडळाच्या कपाटात आणि प्रत्येक इमारतीत एका ठरलेल्या खोलीत ग्लुकोजचा एक डबा कायम असावा, वर्षातून एकदा तो बदलावा. खर्च अगदी थोडा आहे. दुसरी, प्रत्येक मजल्यावरच्या निदान दोघी बायकांनी हा पंधरा मिनिटांचा हिशेब शिकून घ्यावा. ज्यांना शिकायचे असेल त्यांना जाऊबाई आणि मी शनिवारी दुपारी यंत्र कसे चालते ते दाखवू. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. ज्या घरी अशी लेक किंवा सून आहे, त्यांनी ती गोष्ट लपवू नये. लग्न मोडेल, लोक बोलतील, या भीतीने आपण आजार लपवतो आणि मग रात्री शेजारी आले तरी त्यांना काय द्यावे ते कळत नाही. आपण ऐकणाऱ्यांनीही तोंडाला लगाम घालावा, म्हणजे सांगणाऱ्यांना सांगण्याचे धैर्य येईल.